मारामारी मर्जीची, मिशी खरी

चांगल्या खेळात मारामारी मर्जीची असावी, सक्तीची नसावी, हे मी माझ्या होणाऱ्या सासऱ्याची मिशी ओढली त्या दिवशी शिकलो.

हे आठवायचं कारण आमचा नातू. परवा कॉम्प्युटरसमोर बसून मला समजावत होता, "आजोबा, भारी गेम म्हणजे कसा, तर आपण एक कॅरेक्टर घ्यायचं आणि त्याच्यासारखं वागायचं. आपण जे ठरवू त्याप्रमाणे पुढचं घडतं. भांडायचं तर भांडा, नाहीतर बोलून सुटा. एकदाही तलवार न उपसता अख्खा गेम जिंकता येतो!"

"हे तर आम्ही सत्तर सालानंतर खेळायचो," मी म्हणालो.

"तेव्हा कुठे होता कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर जाऊ दे, वीजसुद्धा धड नव्हती. उलट वीज गेली की मगच आमचा खेळ सुरू व्हायचा!"

आजोबांचं वय झालं, अशा नजरेनं तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आठवीनंतर शाळा आणि मी, दोघांनीही एकमेकांचा नाद सोडला. ताई सोलापूरला दिलेली. दाजींनी मला बोलावून घेतलं आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, ते स्वतः होते त्याच शेडमध्ये, टॉवेलच्या मागावर उभं केलं. (दाजींचे हे उपकार इतके मोठे, की आजही त्यांच्या फोटोसमोरून जाताना मी चप्पल काढतो.) पण गाव पडलं लांब, बोली वेगळी. घाबरलो की माझ्या तोंडून 'मले' आणि 'तुले' निघायचं आणि अख्खी शेड हसायची. आणि घाबरायला मला कारण लागायचं नाही.

वीज गेली की माग थांबायचे. बाकीचे सायकली काढून घरी जायचे, दाजींचे दोनचार दोस्त आमच्याकडे यायचे आणि आमच्या पुढच्या खोलीत दाजींचा खेळ रंगायचा. त्याचं नाव 'मुलूख'. दाजी भिंतीला टेकून गोष्ट सांगू लागायचे, "तू झालास सरदार. वेशीपाशी डाकू आडवा आलाय. आता काय करनार?" मग तुम्ही ठरवायचं. लढायचं असेल तर कवड्या टाकायच्या, बोलून सुटायचं असेल तर दाजींना पटेल असं बोलायचं. आमची ताई उभ्या जन्मात कधी लढली नाही. समोर डाकू येवो की राक्षस, तिचा सवाल ठरलेला, "लढनार का जेवनार?" मग भाकरी आणि शेंगाचटणी वाढून ती पुढच्या गावाला निघायची. आम्ही तलवारी परजत वेशीवरच मरायचो आणि ताई राजधानीत पोचलेली असायची, मागे जेवून तृप्त झालेल्या डाकूंची पलटण!

सोंगंही साग्रसंगीत असायची. फेट्याला चादर, आणि मिशीला शेडमधलं वाया गेलेलं काळं सूत. ते चिकटवायला ताण्याला लावतात ती खळ. एकदा वाळली की कातडी निघेल, मिशी निघणार नाही!

नियम दोनच. दाजी "खेळ उठला" म्हणेपर्यंत सोंग सोडायचं नाही. आणि दारातून जो येईल तो खेळातला. हा दुसरा नियम शेजाऱ्यांमुळे करावा लागला, कारण ऐन लढाईत कोणीतरी विरजण मागायला यायचं. शेजारच्या नरसम्मा अशाच वाटी घेऊन आल्या आणि राणीच्या हेर ठरल्या. वाटी मिळेपर्यंत त्यांना दोन किल्ल्यांची गुपितं सांगावी लागली!

तर माझं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणची माणसं येऊन मला बघून गेली. पहिल्या वेळी माझी वाचाच गेली. दुसऱ्या वेळी ती होती, पण "तुमचं नाव काय?" या प्रश्नाला मी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. इतक्यात वळसंगच्या सिद्रामप्पांच्या मुलीचं स्थळ आलं. ही मुलगी मी एकदा पाहिली होती. शेडमध्ये तिच्या मामाचा डबा घेऊन आली होती आणि जाता जाता मला म्हणाली होती, "तुमच्या कानात सूत अडकलंय." तेवढंच. पण त्यानंतर कित्येक दिवस मी तो कान धुतला नव्हता! हे स्थळ गेलं तर मला दुसरं नको होतं. शिवाय वडिलांचा निरोप आलेला, सोलापुरात जमत नसेल तर परत ये. परत जाणं म्हणजे माग गेला, दाजी गेले आणि ती मुलगीही गेली.

सिद्रामप्पा रविवारी दुपारच्या एसटीनं मध्यस्थाबरोबर येणार होते. आमच्यापैकी कोणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं. सकाळी मला दरदरून घाम फुटलेला बघून दाजी म्हणाले, "गोविंदा, आपन आधी खेळून बघू. मी एकाला पोरीचा बाप करून आनतो. तू त्याच्याशी मोकळा बोल. खोटा बाप हाय म्हटल्यावर काय भ्यायचं?"

"कोणाला आणताय?"

"ते सांगनार न्हाय. सांगितलं तर मजा काय?" आणि ते सायकलवर टांग टाकून गेले.

थोड्याच वेळात दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. धोतर, फेटा, आणि मिशी अशी की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं!

"गोविंदाचं घर हेच का?"

मी बाजेवर बसलो होतो तो आणखी ऐसपैस बसलो. "या, या, वळसंगकर! पोरगी द्यायला आलात व्हय?"

गृहस्थ क्षणभर थबकले. मग बाजेच्या कडेला टेकले. "शिकलाय किती?"

"आठवी. पुढं मास्तरांना माझा त्रास सोसवला नाही."

"व्यसन?"

"तुमच्याकडं तंबाखू असेल तर काढा, लगेच दाखवतो."

(हे मी बोलत होतो! एरवी दुकानात मीठ मागताना माझी जीभ अडखळायची.)

"गाव तुमचं लई लांब म्हनं. पोरीला तिकडं नेऊन टाकलं तर आमी बघायचं कुटं?"

"मामा, मी स्वतः तिकडं जायला तयार नाही. तुमच्या पोरीला कशाला धाडू?"

गृहस्थांच्या मिशीखाली काहीतरी हललं. तेवढ्यात ताई आतून आली. तिलाही वाटलं, दाजींनी धाडलेला गडी हाच. पदराला हात पुसत तिनं विचारलं, "काय मग? लढनार का जेवनार?"

"आं?" गृहस्थ दचकले. "लढनार?"

"तुमची मर्जी," ताई म्हणाली. "आमच्यात मारामारीची सक्ती न्हाई."

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. चेहरा काय, दचकणं काय, इतकं हुबेहूब सोंग मुलखात कोणी वठवलं नव्हतं! मी उठून त्यांच्या जवळ गेलो. "सगळं झकास जमलंय. पण मिशी जरा जास्तच झाली." आणि मी ती ओढली.

निघाली नाही.

"खळ दाट लावलीय व्हय?" म्हणत मी बाजेला पाय लावून पुन्हा ओढली.

"आई आई गं!" गृहस्थ अशा आवाजात ओरडले की नरसम्मा वाटी न घेताच धावत आल्या.

त्याच क्षणी दारात सायकलची घंटी वाजली. दाजी आत आले, आणि त्यांच्यामागे शेडमधले रसूलभाई. डोक्याला चादरीचा फेटा, ओठावर काळ्या सुताची मिशी, एक बाजू जरा लोंबकळती. छाती काढून ते गरजले, "मी वळसंगचा सिद्रामप्पा! पोरगी मेरी, मर्जी बी मेरी!"

माझ्या हातात अजून पहिल्या सिद्रामप्पांची मिशी होती.

"ह्यो सिद्रामप्पा, तर मग मी कोन?" त्यांनी विचारलं.

रसूलभाई नियमाला पक्के. सोंग सोडायचं नाही म्हणजे नाही. "तू तोतया!" ते म्हणाले.

आता सिद्रामप्पांचा हात पायातल्या चपलेकडे गेला. दाजींचा चेहरा खळीसारखा पांढरा झालेला. "खेळ उठला! खेळ उठला!" ते ओरडले, पण खरा माणूस असा उठवून थोडाच उठतो? मी मिशी सोडली आणि तिथेच फतकल मारली. "मले... मले माईतच नव्हतं..." एवढंच बाहेर पडलं. वळसंग गेलं, ती मुलगी गेली, संध्याकाळच्या गाडीनं भंडारा, हे सगळं मला समोर दिसायला लागलं.

"खेळ? कसला खेळ?" चप्पल हातात तशीच.

दाजींनी घाम पुसत पुसत अख्खा मुलूख सांगितला. सोंगं, कवड्या, खळीची मिशी, सगळं. रसूलभाईंनी पुरावा म्हणून स्वतःची मिशी ओढून दाखवली, तर ती अर्धीच निघाली. सिद्रामप्पा मान हलवत ऐकत होते.

"म्हंजी दारातून आलो तवाच मी बी खेळात?"

"व्हय जी."

"आन मारामारी मर्जीची?"

"व्हय जी. पूर्ण मर्जीची."

त्यांनी एकदा चपलेकडे बघितलं, एकदा ताईकडे. मग चप्पल खाली ठेवली. "मग मी जेवनार," ते म्हणाले.

ताईनं लगेच ताट वाढलं. भाकरी मोडता मोडता ते दाजींना सांगू लागले. मध्यस्थानं म्हणे सांगितलं होतं, मुलगा गरीब आहे, तोंडातून शब्द निघत नाही. म्हणून ते मुद्दाम न सांगता सकाळच्या एसटीनं एकटेच आले होते, खरं काय ते बघायला. "भित्र्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाई, असं मनात ठरवूनच आलो हुतो. पन ह्यो गडी! अख्ख्या वळसंगात माझ्या मिशीकडं वर मान करून बघत न्हाई कुनी. ह्येनं पाय लावून वढली की!"

"मामा, पन त्याला वाटलं तुमी खोटे..." दाजी प्रामाणिक माणूस, सांगायला गेले. ताईनं त्यांच्या पायावर पाय दिला.

"असू दे," सिद्रामप्पा म्हणाले. "बोलला कोन? त्योच ना? आवाज काय उसना आनला हुता?" आणि शेंगाचटणी आणखी मागून घेतली.

लग्न झालं. मी आयुष्यात एकदाच धीट झालो, तेही समोरचा माणूस खोटा आहे या भरवशावर, आणि त्या एका सकाळच्या जोरावर मला बायको मिळाली. तेव्हापासून वळसंगला गेलो की मी त्या धीट गोविंदाचं सोंग घेऊन बसायचो, आणि "खेळ उठला" म्हणायला कोणीच नसायचं. सासरे पारावर चारचौघांत सांगायचे, "आमचा जावई म्हंजी वाघ!" बायको मान खाली घालून हसायची, पण वडिलांना तिनं शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. हा वाघ भिंतीवर पाल दिसली की बाजेवर चढतो, आणि ती पाल हाकलेपर्यंत त्याला चहा वरच द्यावा लागतो, हे ती फक्त गल्लीत सांगते. रोज!