आतून रंगवलेली गाडी

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, असं कुणी विचारलं तर मी गोंधळेन. ही एक गाडीचोरी मात्र जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की त्या दिवशी कशात मन लागत नाही.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पाचोडचा एक वेल्डिंगवाला लोखंड घ्यायला मोंढ्याच्या बाजारात आला, रस्त्याकडेला गाडी लावली, परत येऊन बघतो तर गाडी गायब. सेकंडहँड, पांढरी, छोटी गाडी. आम्ही फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला, नाकाबंदीला निरोप दिला. खरं सांगायचं तर अशी गाडी मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. हवालदारासमोर उभी राहून म्हणाली, "सायेब, ड्रायव्हरच्या मागच्या दरवाजाला आतून माझ्या लेकीनं चित्रं काढलेली हायेत. तेवढा दरवाजा तरी सापडंल का?"

आमचा हवालदार तोंडाचा फटकळ. "बाई, चोर दरवाजा इथं ठेवून गाडी नेत नसतो," म्हणाला.

मग तिनं सगळं सांगितलं. मुलगी नऊ वर्षांची होती. रक्ताचा आजार. उपचारासाठी सारखं पाचोडहून शहरात यावं लागायचं आणि एसटीचे धक्के तिला सोसत नव्हते, म्हणून ही गाडी घेतली. मागच्या सीटवर उशी लावून मुलगी आडवी व्हायची, आई पुढं बसायची. वाटेत तिला काही सुचलं की बॉलपेननं दरवाजाच्या बदामी रेक्झिनवर काढत राहायची. गाडी चोरीला जायच्या आधी काही महिने मुलगी गेली होती. हवालदार खाली मान घालून लिहायला लागला.

"काय काढलंय?" मी विचारलं.

"घर हाय. शेळी हाय. शेळीला पाच पाय हायेत," ती म्हणाली. "त्यातलं एक शेपूट आसंल."

"फोटो आहे का त्याचा?"

"पोरीचे लई फोटो हायेत सायेब. रेघोट्यांचा कोण काढतंय?"

त्यानंतर ती जवळजवळ दर आठवड्याला यायची. बाकावर बसायची, पाणी प्यायची, मी नजरेला पडलो की नुसती बघायची. रागावणाऱ्या फिर्यादीला समजावता येतं. नुसतं बघणाऱ्यापुढं माणूस हात टेकतो.

गाड्या धुण्याचं सेंटर चालवणारा एक खबऱ्या होता. एक दिवस त्यानं कळवलं, "साहेब, खुलताबाद रस्त्याला एका शेडमधी पांढरी गाडी आतून काळी करायलेत. बाहेरून हात बी लावला नाय."

माझे कान टवकारले. माणूस गाडी रंगवतो ती चारचौघांना दिसावी म्हणून. आतलं प्लास्टिक आणि रेक्झिन रंगवायला कोण बसतो? आमच्या धंद्यात त्याचं एक उत्तर होतं. अपघातात चेंदामेंदा झालेली गाडी कागदपत्रांसह भंगाराच्या भावात घ्यायची, मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची आणि मेलेल्या गाडीचा नंबर तिला चढवायचा. मेलेली गाडी आतून काळी असेल, तर चोरलेली बदामी गाडी काळी करावी लागते.

आम्ही छापा घातला. डॅशबोर्ड, दरवाजे, दरवाजांमधले खांब, सगळं काळं झालं होतं आणि काम इतकं सफाईचं की कंपनीतूनच तशी आली म्हणावं. चेसिस नंबराचा पत्रा कापून दुसरा जोडलेला, इंजिनावरचा नंबरही बदललेला. शेडमध्ये चाळिशीचा एक पेंटर सापडला. "अपघाताची गाडी घेतली अन् दुरुस्त केली," एवढं एकच वाक्य तो बोलला, आणि कागद त्या वाक्याच्या बाजूनं होते. पुढं अळीमिळी गुपचिळी.

ओळख पटवण्यासाठी मी नवराबायकोला ठाण्याच्या आवारात बोलावलं. दोन पंच होते, आणि रंगाचं कळावं म्हणून एक गॅरेजवालाही. बाई मागच्या सीटवर जाऊन बसली, दरवाजा ओढून घेतला आणि काळ्या रेक्झिनवर बोटं फिरवायला लागली. बराच वेळ फिरवत राहिली.

"हीच गाडी," ती म्हणाली. "ही इथं शेळी हाय."

पंच माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काळ्या रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. मी हात लावून पाहिला. पेन दाबून काढलेल्या रेघांचे बारीक चर बोटाला लागत होते, पण ती शेळी आहे की सुरकुत्या, हे सांगायला आईचंच बोट हवं होतं. आणि बोटाची साक्ष कोर्टात कोण धरणार?

मी गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "थिनर मारला तर रंग निघंल साहेब. पण शाई बी त्याच्यासंगं जाईल. घडीभर दिसलं तर दिसंल."

"घडीभरात आम्ही फोटो काढू," मी म्हणालो. नवराही म्हणाला, "पुसा सायेब. गाडी तर मिळंल."

"नाय." बाईनं दरवाजावर तळहात दाबून धरला. "गाडी त्यालाच राहू द्या. पुसू नका."

नवऱ्यानं तिला समजावलं, मीही समजावलं. गाडी जाईल, चोर सुटेल, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण हात काढत नव्हती. तपास तिथंच अडला. मला चीड आली होती आणि तिला बोलायची सोयही नव्हती.

गॅरेजवाला निघाला तसं मी त्याला विचारलं, "एवढा रंग मारूनही चर बोटाला लागतात कसे?"

"तेच तर," तो म्हणाला. "रेक्झिनला रंगाआधी पॉलिश पेपरनं घासावं लागतं, नायतर रंग धरत नाय. यानं सगळीकडं घासलंय. एवढी जागा सोडली."

आरोपी गप्प बसला तर त्याला गुन्ह्याबद्दल विचारू नये, त्याच्या कामाबद्दल विचारावं, हा माझा अनुभव. मी पेंटरला चहा पाजला आणि विचारलं, प्लास्टिकला रंग कसा टिकतो रे? तो हळूहळू खुलला. आधी सगळा तेलकटपणा काढायचा, मग घासायचं, मग पातळ हात मारायचे, घाई केली की रंगाचे ओघळ येतात. हातवारे करून सांगत होता.

"मग मागच्या दरवाजाला ती जागा का नाही घासलीस?"

त्याचे हात खाली आले.

"पॉलिश पेपर हातात घेतला होता साहेब," तो म्हणाला. "पाच पायाची शेळी होती. हातच चालंना. मग तसाच रंग मारला."

शेळीचं त्याला आमच्यापैकी कुणीही सांगितलेलं नव्हतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण एकदा बोलायला लागल्यावर त्यानं पंचांसमोर शेडमागच्या भंगारातून जुन्या नंबरप्लेटा आणि चेसिसचा कापलेला तुकडा काढून दिला. केस त्यावर उभी राहिली. थिनरचा डबा उघडावाच लागला नाही, आणि कोर्टाच्या हुकुमानं गाडी पाचोडला गेली.

पुढं खटला उभा राहिला. बाईची साक्ष संपली त्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आली. पलीकडे पेंटर दोन शिपायांमध्ये बसला होता. "मला त्याला एक इचारायचंय," ती म्हणाली. ते नियमात बसणारं नव्हतं. मी शिपायांना खूण केली आणि शेजारी उभा राहिलो.

"भाऊ," ती त्याला म्हणाली, "शेळीच्या खाली, हँडलजवळ आणखी रेघा लागतात हाताला. मी तवा नीट बघितलंच नाय. गाडी खराब करती म्हणून रागंच भरत होते. तिथं काय होतं?"

ते चित्र शेवटचं नीट पाहिलेला माणूस जगात तोच होता. त्यानं वर पाहिलं.

"बाई होती, ताई. पुढच्या सीटवर बसलेली. मान मागं वळवून बघत होती."

बाईनं पदर तोंडाला लावला. मग पदराआडूनच तिनं विचारलं, "हसत होती का?"

पेंटर जरा थांबला. मग म्हणाला, "व्हय. हसत होती."

समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यावर मी आयुष्यभर भाकरी खाल्ली. खरं बाहेर काढणं यापलीकडं पोलिसाचं काम नसतं, असंच मी तोवर मानत आलो होतो. त्याच्या त्या उत्तराच्या वेळी मी त्याच्या तोंडाकडे मुद्दाम पाहिलं नाही.