ज्याचा हात मोकळा

"कच्ची भाकर अन् कच्चा शब्द, दोन्ही पोटात दुखते," असं भीमाबाई येता-जाता म्हणायची. तिच्या हातची भाकर कधी कच्ची राहिली नाही. शब्द कच्चा वाटला, तर तो ती पुन्हा तव्यावर टाकायची.

पोलादाच्या कारखान्याची धुराडी आभाळात चढत होती, ते दिवस. भिलाईच्या कॅम्प-एकमध्ये तिची खानावळ होती, आणि कुंपणापलीकडे मनकर्णाची. भीमाबाई चांद्याकडची, नुकतीच बुद्धाला शरण गेलेली. तिच्याकडे रेल्वेचे लोक जेवत. मनकर्णा भंडाऱ्याच्या धानाच्या शेतातून आलेली, तिच्याकडे तिच्या गावचे. दोघी कुंपणावरून पोटभर हसायच्या, पण माठ आपापले.

एक दिवस भट्टी बांधणाऱ्या ठेकेदाराचा निरोप आला: साऱ्या माणसांचं जेवण एकाच खानावळीतून घेईन. एकटीच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. मनकर्णाला तर घोर लागला. हे काम गेलं, की चूल विझवून गावी परतायचं. म्हणून दोन्ही खानावळी एक करायचं ठरलं, आणि वकिलाकडे लिखापढी करणारे शामसुंदर आंब्याखाली करार लिहायला बसले.

"भीमाबाईची खानावळ मनकर्णाबाईच्या खानावळीत विलीन होईल," त्यांनी वाचून दाखवलं.

"विलीन म्हंजे काय जी?" भीमाबाईनं विचारलं.

"नाला नदीत जाते ना बाई, तसं."

"म्हंजे मी नाला? आमच्याकडं वर्धा अन् वैनगंगा भेटतेत. कोनी कोनात बुडते का? पुढं तिले प्राणहिता म्हनतेत. तसं लिहा."

शामसुंदर खळखळून हसले. "लिहितो. पन नव्या खानावळीचं नाव?"

"पोर तं होऊ द्या! बारसं मंग करू."

मनकर्णाही हसली. तेवढ्यात बाजूला सुपारी कातरत बसलेला तिचा दीर टिकाराम म्हणाला, "आनखी एक कलम टाका. पंगतीत पानी फक्त वहिनी वाढन. नाही तं आपले लोक उठून जातीन."

अडकित्त्याचा आवाज थांबला. भीमाबाई टिकारामकडे वळलीसुद्धा नाही. तिनं मनकर्णाकडे पाहिलं.

"मनकर्णा, हे तुह्या मनातलं हाये का? असन तं आत्ताच सांग. मी माही चूल घेऊन सुखानं बसतो."

मनकर्णानं मनात हिशेब केला. गावची माणसं उठून गेली तर काम गेलं, आणि भीमाबाई गेली तरी गेलंच. पण त्याहून मोठी गोष्ट होती: समोरची ती नजर. कुंपणावरून रोज हसलेली नजर.

"भाऊजी," ती म्हणाली, "भात तिच्या हातचा खासान, अन् पानी माह्या हातचं पेसान? मले काय देवीसारखे आठ हात हायेत? शामसुंदरभाऊ, दुरुस्ती लिहा. ज्याचा हात मोकळा, त्यानं पानी वाढावं."

"अन् माठ?" भीमाबाईनं विचारलं.

"माठ एकच."

दोघींनी अंगठे उमटवले. टिकाराम मात्र तोंड फुगवून उठला.

पहिल्या पंगतीला तोच पुढं बसला, गावच्या माणसांना घेऊन. मिरचीच्या ठेच्याचा पहिलाच घास लागला, आणि त्याला अशी उचकी लागली की डोळ्यांतून धारा. मनकर्णाचे दोन्ही हात भातात. भीमाबाई गिलास भरून उभी राहिली. पंगत घास हातात धरून बघू लागली.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली, "का कोर्टात जाता?"

आधी एक म्हातारा हसला, मग सारी पंगत. टिकारामनं गिलास घेतला, घटाघटा रिकामा केला, आणि पुन्हा पुढं केला. "आनखी." मग चहूकडून हाका सुरू झाल्या: "भीमाबाई, इकडं!" "आमाले बी!"

पंगत उठली. रेल्वेवाल्यांच्या भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन भीमाबाई भिलाई-तीनच्या रेल्वेवस्तीच्या वाटेनं निघाली, एक हात टोपलीला, एक हात वाऱ्यावर. मनकर्णा भाताचे हात तसेच धरून दारात उभी राहिली, भीमाबाई वळणापर्यंत दिसत होती तोवर.