चाच्याची तुमान

गळ्यातला टेप हातात घेण्याआधी मास्टर गिऱ्हाइकाकडं चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "ह्ये घालून करायचं काय?"

लोहाऱ्यात तीस वर्षं त्यांनी हा एकच प्रश्न विचारला. बहुतेकांना तो उद्धट वाटायचा. कपडा घालून काय करतात, कपडाच घालतात. पण उत्तर मिळाल्याशिवाय मास्टर कात्रीला हात लावत नसत. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक गृहस्थ पांढरं कापड घेऊन आला.

"लोकसेवा," तो म्हणाला.

"मग बाह्या कोपराच्या वर सारता येतील अशा करतो."

तशा केल्याही. त्या बाह्यांची इस्त्री अजून मोडलेली नाही, हे तुम्ही-आम्ही बघतोच आहोत.

मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो होतो. संध्याकाळी त्यांच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसायचो. दोघांनाही बोलायची फार हौस उरली नव्हती, त्यामुळं चांगलं जमायचं.

अशाच एका संध्याकाळी गावातल्या शाळेचे अध्यक्ष आले. ते नुकतेच आठ दिवस स्कॉटलंड बघून आले होते. तिथं चौकटीचा, चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा लोकरी घागरा नेसून त्यांनी फोटो काढला होता आणि तो आता शाळेच्या कार्यालयात थोर पुरुषांच्या रांगेत लागला होता. त्या घागऱ्याला तिकडं किल्ट म्हणतात. यंदाच्या स्नेहसंमेलनात 'स्कॉटलंडचे समुद्री चाचे' हा नाच होणार होता. बारा मुलं, बारा किल्ट. मधोमध मल्लखांबाचा दोर टांगून जहाजाची डोलकाठी करायची आणि त्या बारांतलीच सातवीतली एक मुलगी दुर्बीण घेऊन त्यावर चढणार. आमच्या तालुक्याला लाटांचा अनुभव म्हणजे टँकरमध्ये हिंदकळणारं पाणी, पण संमेलनाला समुद्र हवा होता.

"ह्ये घालून करायचं काय?" मास्टरांनी सवयीनं विचारलं.

"नाच. आणि ती पोरगी चढेल वर."

अध्यक्ष गेल्यावर मास्टरांनी टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "सर, खरंच घालत व्हते का वो चाचे ह्ये घागरे? जहाजावर?"

मी घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली. स्कॉटलंडचे चाचे होऊन गेले हे खरं. त्यातल्या एका नामांकिताला लंडनला फासावर चढवलं तेव्हा पहिला दोर तुटला, म्हणून दुसऱ्यांदा चढवलं. सरकारी काम सगळीकडं सारखंच. पण घागरा हा तिथल्या डोंगरी लोकांचा पोशाख. एखादा डोंगरातला गडी तो नेसून जहाजावर चढला असेलही, पण समुद्रावर काम करणारे इतर खलाशांसारखेच राहायचे: आखूड बंडी आणि ढगळ तुमान. लोकर भिजली की जड होते, वाऱ्यानं चुण्या फुगतात, पायाला दोर सापडत नाही. काहीजण तर पाणी आत शिरू नये म्हणून कपड्याला डांबर चोपडायचे.

"डांबर?" मास्टरांचे डोळे चमकले. "म्हंजी ताडपत्रीच की!" मग हळूच म्हणाले, "चोर आसंना, कामाचा मानूस व्हता त्यो."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष कापड घेऊन आले तेव्हा मास्टरांनी त्यांना हे सगळं सांगून पाहिलं.

"मास्टर, तुम्ही शिवा. इतिहास आम्ही बघतो."

"इतिहास तुमी बघा साहेब. पोरगी दोरावर चढनार हाय. तिचा पाय तेवढा मला बघू द्या."

"जूनमधे गणवेशाचं काम निघतंय," अध्यक्ष हसत म्हणाले. "तेवढं ध्यानात असू द्या."

शाळेचे गणवेश म्हणजे मास्टरांचं अर्धं वर्ष. अध्यक्षांची गाडी वळली तसे मास्टर मशीनवर डोकं टेकून बसले.

"भांडणार का?" मी विचारलं.

"भांडायला बी ताकद लागती, सर. ती आता न्हाय. शिवतो."

त्यांनी शिवले. अकरा किल्ट, प्रत्येक चुणी नीट बसलेली. आणि बारावी, जाड काळ्या कापडाची ढगळ तुमान.

संमेलनाच्या दिवशी वारा होता. अकरा चाचे एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात घागरा धरून नाचत होते. तलवारीपेक्षा घागऱ्याकडंच त्यांचं लक्ष जास्त होतं. ती मुलगी मात्र सरसर वर गेली, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून उलटी लोंबकळली आणि तिनं दुर्बिणीतून आमच्या कोरड्या तालुक्याकडं पाहिलं. टाळ्या पडल्या त्या तिला. पाहुण्यांनी वाकून अध्यक्षांना विचारलं, "खरा चाचा तो वरचाच ना?" अध्यक्षांनी मान हलवली, पण हे ते विसरले नाहीत.

जूनमध्ये गणवेश बाहेरून तयार आले, प्लास्टिकच्या पिशव्यांत. एका मुलाची काखेत उसवलेली शिवण मास्टरांनी फुकट घालून दिली. सदरा परत देताना एवढंच म्हणाले, "ह्ये घालून करायचं काय, कुनी इचारलंच न्हाय."

त्या दिवाळीत त्यांनी मशीन विकली आणि येडशीला लेकीकडं राहायला गेले. गेल्या वर्षी तिथंच वारले. मला चार दिवसांनी कळलं. त्या संध्याकाळी मी सवयीनं दुकानापर्यंत चालत गेलो. तिथं आता मोबाइल दुरुस्त होतात. बाक नाही.

परवा सकाळी शाळेच्या मैदानावरून जात होतो. ती मुलगी आता नववीत आहे. चांगली वीतभर वाढलीय. दोरावर सराव करत होती, तीच तुमान घालून. बाकीचं कापड विटून राखाडी झालेलं, फक्त खाली चार बोटांची पट्टी काळीभोर, नव्यासारखी.

"ही अजून येते तुला?" मी खालून विचारलं.

"मास्टरनी आत कापड मुडपून ठिवलं व्हतं, सर," ती वरूनच ओरडली. "म्हनले व्हते, वाढलीस की टाका उसव."

आणि पुढं चढली.