पहिल्या भागातली बाई

...सडा टाकून झाला, दोन घागरी पाणी भरलं, चूल सारवली आणि मग आमच्या ह्यांची पुस्तकं अंगणात उन्हाला घातली. दसऱ्याआधी हे काम ठरलेलं. पावसाळ्यात कसर लागते, म्हणून पानांमध्ये कडुनिंबाचा पाला घालायचा...

हे पिंपळगाव राजा या गावी मास्तर होते. चित्रांच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या जमवायचा त्यांना नाद. कोणी साहेब बदलून निघाला की त्याच्या बंगल्यावरच्या लिलावाला हे हजर. प्रत्येक चित्रावर झिरझिरीत कागद असायचा. ती चित्रं बघत, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी इंग्रजी वाचायला शिकले.

दसऱ्याला पुस्तकांची पूजा झाली की चित्रातल्या एखाद्या मडमेच्या कपाळाला हे कुंकू टेकवायचे. "हिचं कपाळ काऊन रिकामं?" म्हणायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. ते गेल्याला तीन दसरे झाले. करंडा तेव्हापासून फडताळात, बंद...

एका कादंबरीचे तीन भाग होते. दुसरा, तिसरा घरात. पहिला शोधायला जुनं सामान विकणाऱ्या करीमचाचांना सांगून ठेवलं होतं, पण शेवटपर्यंत मिळाला नाही. शेवटच्या दुखण्यातही विचारायचे, "करीमचाचा आले का?"

त्या सकाळी धाकटे दीर आले. "वहिनी, हे विलायती ओझं काऊन सांभाळून राह्यल्या? मले सरकी ठेवाले खोली पायजे. उद्या बैल जुंपून खाचर आणतो, सारं रद्दीत देऊन टाकू." तीन वर्षं मी नाही म्हणत आले होते. त्या दिवशी थकले... हो म्हटलं.

दुपारी करीमचाचा दारात. "बाई, बुलढाण्याच्या साहेबाची नागपूरले बदली झाली. लिलावात घेतलेल्या त्याच्या पेटीत हे निघालं. मास्तरले पायजे होतं तेच ना?"

पहिला भाग! झिरझिरीत कागद उचलला. काळ्या कपड्यातली एक बाई खिडकीशी उभी... आणि तिच्या कपाळावर लाल ठिपका.

छापलेला असेल म्हणून बोट लावलं. बोट लाल झालं. वरचा झिरझिरीत कागद मात्र कोरा, कुंकवाचा एक कण नाही.

"चाचा, हे कोणी उघडलं होतं?"

"कोण उघडीन? पेटीची सुतळी म्या आज सकाळीच तोडली. अन् बाई, साहेबाच्या घरी कुंकू कुठचं?" माझं बोट बघितलं आणि चाचा मागे वळले. पैसेही न घेता गेले.

मी आत जाऊन फडताळ उघडलं. करंड्यावर तीन वर्षांची धूळ तशीच होती... भरदुपारी अंगावर काटा आला. पण खरं सांगते, पळून जावंसं वाटलं नाही. कोणीतरी खूप दिवसांनी विचारपूस करावी, तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिरांचं रिकामं खाचर मी दारातूनच परत पाठवलं. मग करंडा पुसला, उघडला आणि उरलेल्या दोन भागांतल्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं.