धाकटीच्या कमरेची किल्ली

विधवेचा कुणी हेवा करतं का हो? मी केला. चांगला जळफळून, दातओठ खाऊन केला, आणि तोही एका किल्लीपायी.

माझा धाकटा दीर लग्नानंतर वर्षाच्या आत तापानं गेला. त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आता माहेरी जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. माहेरी होता एक भाऊ, तो तिला न्यायला काही आला नाही. सासूबाईंनी तिला ठेवून घेतलं, वर शाळेत घातलं, आणि शिकून ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. त्या दिवसांत सोलापुरात हे नवलच होतं. आळीतल्या बायका तिला 'बिचारी' म्हणायच्या. मला असा संताप यायचा! बिचारी ती कुठली, बिचारी मी. ही सकाळी स्वच्छ लुगडं नेसून छत्री घेऊन बाहेर पडायची आणि मी चुलीपुढं भाकरी थापत घामानं निथळत बसायची. संध्याकाळी सासूबाई विचारायच्या तिला, "दमलीस का गं?" मला कधी कुणी विचारलं नाही.

त्यातच आमच्या पुढच्या दाराचा कोयंडा निखळला. दाराला जुनी साखळीची कडी होती, ती वर कोयंड्यात अडकवून कुलूप घालायचं. सोलापूरच्या उन्हानं फळ्या आकसल्या होत्या, चौकटीला वाळवी लागली होती, आणि एके दिवशी कडी ओढली तशी कोयंड्यासकट हातात आली. सासूबाई म्हणाल्या, चौकटीला ठिगळ लावू, पण कुलूप आता नवं, आणि तेही चांगलंच घ्यायचं. मामंजी आणि आमचे हे दोघंही मिलच्या कचेरीत. भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे. त्यांना कुलपाचं कसलं सुख-दुःख! म्हणून आम्ही तिघी बायकाच मंगळवार पेठेत गेलो.

दुकानदारानं नाना तऱ्हेची कुलपं पुढं मांडली. मी एक दणकट लोखंडी कुलूप उचललं आणि म्हटलं, हेच घेऊ, जुनी कडी पुन्हा बसवून टाकू. माझं कोण ऐकतंय! सासूबाईंनी एक पेटी उचलली आणि धाकटीच्या हातात दिली. "वाच गं, काय लिहिलंय." हिनं घडाघडा वाचलं. ते होतं खटक्याचं कुलूप. दाराच्या आत बसवायचं, बाहेरून नुसती पितळी मूठ आणि किल्लीचं भोक दिसणार. दार ओढलं की खट्कन आपोआप बंद.

सासूबाईंनी दुकानदाराला एक विचित्र प्रश्न विचारला. "आतून कुणी बंद केलं, तर बाहेरून किल्लीनं उघडेल का?"

"उघडतंय की, अम्मा," तो म्हणाला. "चावी जिसके पास, वोइच खोलता. अंदर कोई बी बैठो."

मला हसूच आलं. आत माणूस असताना बाहेरून किल्लीनं कशाला उघडायचं? हाक मारायची, दार उघडतं. पण सासूबाईंनी तेच घेतलं. सुतारानं ते बसवलं आणि विचारलं, "आतला अडसर ऱ्हाऊ द्यायचा का?" सासूबाई म्हणाल्या, काढून टाक. मी म्हटलं, अहो, राहू दे की, कुणाचं काय खातोय तो! त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अडसर निघाला.

किल्ल्या दोन होत्या. एक सासूबाईंनी आपल्या कमरेला खोचली. दुसरी मला मिळणार, यात मला काही शंकाच नव्हती. थोरली सून मी. दोन मुलगे झालेली मी. मी हातसुद्धा पुसून घेतले होते. सासूबाईंनी किल्ली धाकटीच्या हातात ठेवली. "तुला शाळेतून यायला होतं अवेळी," एवढंच म्हणाल्या. माझ्या अंगाची अशी लाही लाही झाली, की त्या दिवशी आमटीत मीठ पडलं की नाही तेही मला आठवेना.

मग सुरू झाला माझा छळ. ती मूठ रोज चिंचेनं घासून लखलखीत करायची कुणी? मी. आणि ती मूठ धरून रुबाबात दार उघडायचं कुणी? तिनं. किल्ली तिनं चांदीच्या छल्ल्याला अडकवली होती. चालताना ती बारीक वाजायची. तो आवाज ऐकला की माझं डोकं फिरायचं. एकदा मी शेजारी विरजण आणायला गेले आणि मागं वाऱ्यानं दार ओढलं गेलं. खट्! सासूबाई देवळात. मी वाटी घेऊन माझ्याच घराच्या ओट्यावर बसले, येणारे-जाणारे बघतायत. शाळा सुटल्यावर ही आली. छत्री मिटली, किल्ली काढली.

"अक्का, फार वेळ बसलात का हो?"

"छे! हवा खात होते," मी म्हटलं. विरजण तोवर उन्हानं आंबून गेलं होतं.

ह्यांना म्हटलं, तिसरी किल्ली करून आणा. हे म्हणाले, आईला विचार. झालं! आईला विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोन पुरेत." मी रागानं दोन दिवस सासूबाईंशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त लागलं.

मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं घरातलं सगळं लोखंड पूजेला बसतं. विळी, अडकित्ता, कोयता, सगळं. सासूबाई म्हणाल्या, कुलूप घर राखतं, मग ते काय हत्यारापेक्षा कमी आहे? त्यांनी स्वतः मुठीला हळद-कुंकवाची बोटं ओढली, झेंडू खोचला, आणि ओंजळभर ओल्या अक्षता दारावर टाकल्या. पुरुष मंडळी मुलांना घेऊन मिलमध्ये यंत्रांच्या पूजेला गेली. आम्ही तिघी रूपाभवानीच्या दर्शनाला निघालो. दार ओढलं. खट्!

परत आलो तर किल्ली भोकात जाईना. धाकटीनं घालून बघितली, सासूबाईंनी आपली घालून बघितली. कुंकवात भिजलेले तांदूळ आत जाऊन घट्ट बसले होते. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. घ्या आता किल्ली! दोघींच्याही कमरेला आहे, आणि दोघीही माझ्यासारख्याच ओट्यावर!

मी सुताराकडं गेले. तो कपाळाला गंध लावून बसला होता. "आज हत्यारं पूजंला मांडल्याती, बाई. आज पटाशीला हात लावायचा न्हाई. उद्या सकाळच्या पारी येतो की."

उद्या! मागचं दार आतून बंद. घरात पुरणाचं भांडं उघडं. मी परत आले ती पिसाळूनच. कोपऱ्यावरचा एक धोंडा उचलला आणि म्हटलं, "बाजूला व्हा. फोडते हे मेलं कुलूप."

सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "हात लावून बघ!"

"एवढं काय ठेवलंय हो त्या कुलपात? माझ्यापेक्षा जास्त झालं का ते? मी थोरली ना या घरची? मला किल्ली का दिली नाहीत, ते सांगा आज."

धाकटी पायरीवर मान खाली घालून बसली होती. सासूबाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"तुला नवरा आहे, दोन मुलगे आहेत. घर उद्या तुझंच आहे. तुला किल्ली कशाला लागते? हिला कोण आहे? मी आहे तोवर ठीक. मी गेल्यावर ही एक दिवस शाळेतून येईल आणि दार बंद असेल. आतून कुणीतरी म्हणेल, जा तुझ्या भावाकडं. कोण म्हणेल, सांग बघू? घरात तेव्हा दुसरं कोण असणार आहे?"

धोंडा माझ्या हातातच राहिला. मला वाटलं होतं, ते कुलूप चोरांसाठी आणलं. अडसर म्हणून काढला होता होय! चोर मी! माझ्याच घरात माझ्यासाठी कुलूप! मला रडूच कोसळलं. आणि 'मी असं करणार नाही' असं म्हणायला गेले, तर तेही छातीठोकपणे म्हणवेना.

मी धोंडा टाकला. अंबाड्यातला आकडा काढला, दारापुढं उकिडवी बसले आणि भोकातला एकेक तांदूळ उकरून काढायला लागले. बोटं कुंकवानं लाल झाली. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "घाल आता किल्ली." धाकटीनं घातली. दार उघडलं.

तिनं छल्ल्यातून किल्ली सोडवली आणि माझ्यापुढं धरली. "अक्का, ही तुम्ही ठेवा."

इतके दिवस जिच्यासाठी मी जळले, ती किल्ली समोर होती. सासूबाई बघत होत्या. मी ती घेतली असती, तर त्यांचं म्हणणं तिथल्या तिथं खरं झालं असतं.

"ठेव तुझी तुझ्याजवळ," मी खेकसलेच तिच्यावर. "आणि कधी किल्ली हरवलीस तर बावळटासारखी ओट्यावर बसू नकोस. हाक मार. मी आहे आत."

ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. मी आत जाऊन पुरण बघितलं, ते आंबलं होतं. चुलीपुढं बसले, तरी मला त्या दोघी दारात दिसत होत्या. हेवा गेला म्हणता? छे. उलट खरा हेवा मला त्या दिवशी वाटला. 'मी मेले की तुझं कसं होईल', असा घोर माझ्यासाठी कुणाला लागलाच नव्हता.