बोकडाचं गाणं आणि आमची शेळी

बीडच्या कॉलेजात सरांनी सांगितलं, की ट्रॅजेडी या शब्दाच्या पोटात बोकड आहे. ग्रीक भाषेत ‘त्रागोस’ म्हणजे बोकड आणि ‘ओडे’ म्हणजे गाणं. पुढे इंग्रज, जर्मन, फ्रेंच, इटलीवाले, सगळ्यांनी तोच बोकड थोडाफार आवाज बदलून आपापल्या दावणीला बांधला. स्पर्धेत बक्षीस म्हणून बोकड मिळायचा, की गाण्याआधी त्याचा बळी द्यायचे, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. घरी येऊन मी हे आईला सांगितलं.

“इतकी शिकलेली मानसं,” ती म्हणाली, “अन् बोकड कशापायी गातंय तेवढं कळंना?”

त्या वर्षी दुष्काळ होता आणि आमच्याकडे एकच शेळी उरली होती. गावच्या दूध सोसायटीने चारा छावणी उघडली होती, पण तिथे फक्त गाई-म्हशी आणि बैल घेत. शेळी विकली तर खाटकाकडेच जाणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि आईचा जीव तिच्यात अडकलेला. शेवटी मीच सेक्रेटरीकाकांच्या मागे लागून वहीत ‘वासरू, पांढरं, एक’ असं लिहून घेतलं. शेळीच्या कानाला बिल्लासुद्धा लागला. मला स्वतःचं भलतंच कौतुक वाटलं.

आठवड्याने तहसीलचे साहेब तपासणीला आले आणि आमचं वासरू नेमकं तेव्हाच बें बें करू लागलं.

“कोण ओरडलं?” साहेबांनी विचारलं.

शेजारच्या दावणीला एक म्हातारा बसला होता. महिन्यापूर्वी सगळी शेरडं बाजारात विकून त्याने एक गाय राखली होती. “मीच की, सायेब,” तो म्हणाला. “जल्म शेरडांत गेला, सवय हाय.” आणि त्याने झकास ओरडून दाखवलं. मग त्याची म्हातारी ओरडली, मग पलीकडचे चौघे. साहेब पोट धरून हसले आणि हसत हसतच त्यांनी आमच्या वासराची नोंद खोडली.

शेळी घरी आली. मी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उसाच्या वाढ्याची पेंढी पडली होती. पाऊस येईपर्यंत छावणीतलं कोणी ना कोणी आपल्या जनावराच्या वाट्यातलं थोडं रोज टाकून जाई.

चाचणी परीक्षेत ट्रॅजेडीवर प्रश्न आला, तेव्हा मी हे सगळं लिहून टाकलं. सरांनी लाल शाईने शेरा मारला, ‘शेळी जगली. ही शोकांतिका नव्हे.’ मी तो हसत हसत आईला वाचून दाखवला.

आई हसली नाही. “सरांला म्हनावं, त्या म्हाताऱ्याला इचारा. त्याची समदी शेरडं गेलती, अन् वरडला आमच्या शेळीसाठी.”