दाराच्या अलीकडचे तिघे

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच विसरलो. पण ज्यात गुन्हाच घडला नव्हता, ते हिंगोलीजवळच्या गोरेगावचं प्रकरण मात्र मनातून जात नाही.

बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी ठाण्यात पाकीटमार आणि दारुडे यांचीच वर्दळ. त्या गर्दीत शेळ्या राखणारा एक माणूस काठी घट्ट धरून कोपऱ्यात उभा राहिला. माझा अनुभव असा की खोटी तक्रार आणणारा आल्या आल्या बोलू लागतो, खरा घाबरलेला आधी पाणी मागतो. यानं पाणी मागितलं.

"साहेब, माझ्या गोठ्याला लागून पुजाऱ्याचं घर हाय. त्यानं तीन मानसं आत कोंडलीत."

"तू पाहिलीस?"

"पाहिली न्हाईत. पन भिंतीतून आवाज येतो ना. एकजण खोकून राहिला, एक रडून राहिला, एक घाई करून राहिला. अन् पुजारी म्हनून राहिला, दार उघडू नका, उघडलं की एक जातो. बाहीर तर कुनीच येत न्हाई."

गावात नरबळीची कुजबुज सुरू झालीच होती. संध्याकाळी देवळापुढं बैठक होती आणि पुजाऱ्याकडून देवाची सेवा काढून घ्यायची, असं ठरल्यात जमा होतं. या माणसाला बायको नाही, भावंडं नाहीत. वडील वारले तेव्हा सेवा खंडित होऊ नये म्हणून पुण्याची नोकरी सोडून तो परत आलेला. सेवा गेली असती तर या गावात त्याचं म्हणून काहीच उरलं नसतं.

स्टेशन डायरीत नोंद केली, एक किराणा दुकानदार आणि एक जीपवाला असे दोन पंच घेतले आणि निघालो. दार पहिल्याच थापेला उघडलं. आत चाळिशीचा एक सडपातळ माणूस, तोच पुजारी. माळा पाहिला, परसातली विहीर पाहिली. कुणी नव्हतं. खोलीत मात्र जमिनीवर हातानं काढलेला नकाशा पसरलेला, त्यावर तीन लाकडी सोंगट्या आणि कधी न पाहिलेले अनेक पैलूंचे फासे. भोवती चार पाट मांडलेले. जीपवाला उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ते तिघं कुठं आहेत?" मी विचारलं.

त्यानं सोंगट्यांकडं बोट केलं.

"माझी टिंगल करतोस काय रे?" मी आवाज चढवला. त्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मार खाल्लेले आरोपी रडताना मी पाहिलेत, हे रडणं तसलं नव्हतं. मी पाट ओढून बसलो आणि म्हणालो, "सांगा नीट."

हा खेळ होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि संकट आलं की फाशानं निकाल लावायचा. कॉलेजच्या होस्टेलापासून पुण्याच्या नोकरीपर्यंत तीन मित्रांबरोबर तो दर रविवारी खेळायचा. गोष्टीत डोंगराखाली, एका बंद दारामागं, युगानुयुगं झोपलेलं काहीतरी अफाट होतं.

"राक्षस का?" दुकानदारानं विचारलं.

"राक्षसाला आपला राग तरी असतो. याला आपन हाव हेच म्हाईत न्हाई. भ्याव त्याचंच हाय," पुजारी म्हणाला.

पंचनाम्यात लिहायचं तर प्रात्यक्षिक हवं. दाखवा म्हणालो. तो मान खाली घालून बोलू लागला आणि खोलीत चार माणसं झाली. खोकणारा डॉक्टर, रडवेली नर्स, उतावळा बातमीदार आणि त्यांना आवरणारा हा. दुकानदारानं दोनदा मागं वळून पाहिलं. खिडकीतून शेळीवाला ओरडला, "ह्योच! ह्योच आवाज!"

"पण दार उघडू का देत नाही?" मी विचारलं.

"नियमच तसा हाय. दार उघडलं की फासा टाकायचा, अन् एक तरी जानार. तिथवर आलो अन् मला गावाकडं यावं लागलं. ते आले की म्होरं खेळू म्हनलं. मंग तेच तेवढं खेळून राहिलो, दाराच्या अलीकडचं."

मित्र हयात असल्याची खात्री करणं भाग होतं. फोन लावले, स्पीकरवर. पहिला म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो. दुसऱ्याला आधी ओळखच पटेना. तिसऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"माझा डॉक्टर जिवंत आहे का अजून?" त्यानं विचारलं.

"हाय ना," पुजारी पुढं सरकून म्हणाला. "दार उघडलंच न्हाई म्या."

"येतो एकदा," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तो यायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना त्याच्या आवाजावरूनच कळलं.

संध्याकाळच्या बैठकीत मी झालं ते सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाला, "खेळ हाय, बाकी काई न्हाई." शेळीवाल्यानं विचारलं, "पन दारामागं हाय तरी काय?" लोक हसले आणि विषय मिटला. सेवा पुजाऱ्याकडंच राहिली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण संशय घेणाऱ्याच्या मनात त्याहून जास्त चांदणं असतं. भिंतीपलीकडून चार आवाज ऐकणाऱ्या शेजाऱ्याला पोलिसांत यावंसं वाटलं, दार वाजवावंसं वाटलं नाही. त्याला काय बोलू? माझी पत्नी गेल्यावर हिंगोलीच्या घरात मीही तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागलो, तेव्हा माझंही दार कुणी वाजवलं नाही. एकटेपणावर कुठलं कलम लागत नाही, म्हणून त्याची फिर्यादही कुणी घेत नाही.

निवृत्तीनंतर मी रविवारी जीपनं गोरेगावला जाऊ लागलो. पुजाऱ्यानं माझ्यासाठी चौथी सोंगटी कोरली. "साहेबाला हवालदार केलं, चालंल ना?" म्हणाला. शेळीवाला उंबऱ्यात बसून ऐकतो.

ते तिघं अजून आलेले नाहीत. परवा फासा हातात घेऊन मीच म्हणालो, "उघडू या का आज?"

त्यानं तिन्ही सोंगट्यांकडं पाहिलं. "उद्या ते आले तर त्यांना काय सांगू, साहेब?"

मी फासा खाली ठेवला. माझा हवालदार त्या दारावर पहाऱ्याला उभा आहे.